‘अभिलेख आढळून येत नाही’ हेच उत्तर पुन्हा पुन्हा येत असेल तर

माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. माहिती अधिकाराचे अर्ज, नकलेचे अर्ज, अपिलं टाईप करून देणं हे रोजचं काम. आठवड्याला एक तरी माणूस तेच पत्र माझ्या काउंटरवर उलगडतो : ‘आपण मागणी केलेल्या अभिलेखाचा या कार्यालयात शोध घेतला असता सदर अभिलेख आढळून येत नाही, ही विनंती.’ खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. यात विनंती कसली, हे मला अजून कळलेलं नाही.

पत्र दाखवून माणूस म्हणतो, “मुद्दाम दाबून ठेवलंय बघा.” कधीकधी ठेवलेलं असतंही. पण इतकी पत्रं हाताखालून गेल्यावर माझं मत असं झालंय की निम्म्याहून जास्त वेळा कारकुनाने खरंच बघितलेलं असतं. फक्त चुकीच्या गठ्ठ्यात बघितलेलं असतं. आणि तो चुकीचा गठ्ठा आपणच अर्जात सांगितलेला असतो.

हे मी स्वतःवर बेतल्यावर शिकले. मामांना वाटणीसाठी आजोबांच्या वारसनोंदीचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद, हवा होता. साल १९६२. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर वर्तुळात लिहिलेला असतो, तो आमच्याकडे होता, ४१२. मी ऐटीत अर्ज टाईप केला, ‘मौजे अमुकवाडी, फेरफार क्र. ४१२, सन १९६२’. उत्तर : आढळून येत नाही. दुसरा अर्ज, तेच. मग प्रथम अपील केलं. त्यात ‘पुन्हा शोध घेऊन माहिती द्यावी’ असा आदेश झाला आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच वाक्य, फक्त जावक क्रमांक नवा. आठ-नऊ महिने गेले. तालुका आणि कार्यालय सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता.

शेवटी एका सोमवारी दुपारी मामांना घेऊन गेले. रेकॉर्ड रूममध्ये निवृत्तीला आलेले एक काका होते.

“कुठलं गाव?”

मामांनी वाडीचं नाव सांगितलं.

“साल?”

“बासष्ट.”

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आवो, बासष्टात ही वाडी कुठनं आली? तवा सगळं मूळ गावातच की. वाडी मागनं फुटली.”

झालं. त्यांनी शिडी लावून वरच्या फळीवरनं एक लाल बासन खाली घेतलं, गाठ सोडली, धूळ फुंकली. मूळ गावची फेरफार नोंदवही. पानं कडेने तांबूस झालेली, शाई काही ठिकाणी पलीकडे उतरलेली. ४१२ नंबर मिळाला : आजोबा मयत, वारस म्हणून आजी आणि तीन मुलं, आजीचा अंगठा, शेवटी ‘मंजूर’ आणि सही. वीस मिनिटं लागली. वाडी स्वतंत्र महसुली गाव झाल्यावर तिची फेरफार नोंदवही एकपासून सुरू झाली होती, त्यामुळे वाडीच्या गठ्ठ्यात ४१२ नंबरला नव्वदच्या दशकातली कुणाचीतरी बोजाची (कर्जाची) नोंद होती. कारकून तीन वेळा तीच बघून, साल जुळत नाही म्हणून ‘आढळून येत नाही’ लिहीत होता. खोटं काहीच नव्हतं त्यात.

तेव्हापासून दुकानात अर्ज घेऊन कुणी आलं की कागद कुठला, हे विचारायच्या आधी मी विचारते, कागद झाला तेव्हा ते गाव कुणात होतं?

कोल्हापुरात हा प्रश्न फार महत्त्वाचा

आपला जिल्हा एका दिवसात, एका दप्तराचा झालेला नाही. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचे हुकूम, इनाम-वतनाचे कागद संस्थानी दप्तरातले, बरेचसे मोडीतले. ते तहसीलमध्ये मागून उपयोग नाही. कोल्हापुरात राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं पुरालेखागार आहे, तिथं विचारायचं. त्यातही कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड या जहागिरी. जहागिरीतल्या गावाचा कारभार जहागिरीचा, म्हणून कागदही वेगळ्या दप्तराचा. अर्जात ‘सदर गाव पूर्वी अमुक जहागिरीत समाविष्ट होते’ एवढी एक ओळ घातली की शोधणाऱ्याला दिशा मिळते.

चंदगडवाल्यांनी तर हे पाठच करून ठेवावं. चंदगड तालुका राज्य पुनर्रचनेत, १ नोव्हेंबर १९५६ ला, बेळगाव जिल्ह्यातून इकडे आला. १९४८ चा कागद मागताना ‘ता. चंदगड, जि. कोल्हापूर’ एवढंच लिहिलं तर अर्जातला जिल्हाच चुकला. ‘तत्कालीन जि. बेळगाव’ लिहा, आणि जिल्हा बदलताना दप्तर हस्तांतरित झालं त्याच्या यादीची प्रतही त्याच अर्जात मागा.

शेतजमिनीत दुसरी अडचण नंबरांची. जमिनीचे तुकडे जोडून सलग गट करायची एकत्रीकरण योजना लागू झाल्यावर सर्व्हे नंबर गेले आणि गट नंबर आले. आज तुमच्या हातात गट नंबर असतो आणि कागद असतो त्याआधीचा, सर्व्हे नंबरवरचा. गट नंबर घालून मागितला तर तो कुणालाच सापडणार नाही. आधी उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडून एकत्रीकरणाचा उतारा काढा. ‘नऊ तीन, नऊ चारचा उतारा’ म्हटलं की तिथं कळतं. जुना नंबर कुठल्या गटात गेला ते त्यातून निघतं. मग फेरफाराकडे वळा.

शहरात सिटी सर्व्हेचे नंबर वॉर्डाप्रमाणे आहेत, ए पासून ई पर्यंत. तोच नंबर दोन वॉर्डांत असू शकतो, म्हणून वॉर्डाशिवाय नंबर निरर्थक. आणि ‘ई’ लिहिताना ‘ए’ झालेले अर्ज मी स्वतः दुरुस्त केलेत. राजारामपुरीतला माणूस ‘ए वॉर्ड’ घालून मिळकत पत्रिका मागतो आणि उत्तर आलं की भांडायला उठतो.

नगरपालिका १८५४ ची, महापालिका डिसेंबर १९७२ मध्ये झाली. त्यामुळे साठच्या दशकातला बांधकाम परवाना मागताना ‘तत्कालीन कोल्हापूर नगरपालिका’ लिहावं. घरफाळ्याचं दप्तर चार विभागीय कार्यालयांत विभागलेलं आहे : गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट. बांधकाम परवाना नगररचनाकडे, घरफाळ्याची आकारणी घरफाळा विभागाकडे. ‘जन माहिती अधिकारी, महानगरपालिका’ एवढ्याच पत्त्यावर पाठवलेला अर्ज दोन-तीन टेबलं फिरतो आणि तेवढे दिवस आपले जातात. विभाग नाव घालून लिहा.

पाचगाव, उचगावसारख्या शहराला चिकटलेल्या गावांचं आणखी वेगळं. पत्त्यात सगळे कोल्हापूर लिहितात, पण तिथला जुना परवाना महापालिकेत नसतो. ग्रामपंचायतीचा ठराव आणि नमुना आठ (घरपट्टी आकारणीची नोंद) ग्रामपंचायतीत, बिगरशेतीचा आदेश महसूल खात्याकडे. २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, तेव्हापासूनची बांधकाम परवानगीची फाईल तिकडे बघायची.

अर्ज पाठवताना चुकीच्या कार्यालयाला गेला तरी कायद्याने तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करायचा असतो. पण वर्ग करणाऱ्यालाही योग्य कार्यालय माहीत असावं लागतं ना. दुसरं, तुम्हाला हवा तो सातबारा किंवा आठ-अ आजचाच असेल तर माहिती अधिकाराच्या वाटेला जाऊच नका. महाभूमी या सरकारी संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल सहीचा उतारा निघतो. जुन्या कागदाचीही आधी साध्या नकलेच्या अर्जाने मागणी करून बघावी, अनेकदा तोच रस्ता जवळचा पडतो.

कागदाबरोबर नोंदही मागा

आता मुख्य गोष्ट. कारकून ‘माहिती’ शोधत नाही, तो नोंदवहीत नंबर बघतो आणि नंबरावरून गठ्ठा काढतो. म्हणून फक्त कागद मागितला तर ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे चार शब्दांचं उत्तर पुरतं. पण कागदाबरोबर त्याची नोंद, हस्तांतरणाची यादी आणि नष्ट केल्याचा आदेश मागितला की चार शब्दांत भागत नाही. कागद त्यांच्याकडे असेल, दुसरीकडे गेला असेल किंवा नष्ट झाला असेल. नियमाने काम झालं असेल तर तिन्हीपैकी एका गोष्टीचा कुठलातरी कागद असणारच.

माहितीच्या रकान्यात मी साधारण असं टाईप करते :

‘मौजे ……… (पूर्वी मौजे ……… मध्ये समाविष्ट), तालुका ………, कालावधी सन १९६० ते १९६५.
१) फेरफार नोंदवही, गाव नमुना ६ मधील फेरफार क्र. ……… ची साक्षांकित प्रत.
२) अभिलेख कक्षातील सदर दोन्ही गावांच्या गठ्ठ्यांच्या यादीची प्रत.
३) सदर नोंदवही अन्य कार्यालयाकडे वर्ग केली असल्यास त्या पत्राची व पोच यादीची प्रत.
४) नष्ट केली असल्यास मंजुरी आदेशाची व नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत.
५) वरील अभिलेखांचे अवलोकन करावयाचे आहे, दिनांक व वेळ कळवावी.’

साल एकच घालू नका, दोन-चार वर्षं मागे-पुढे धरा. माणूस वारला एका साली आणि नोंद झाली तीन वर्षांनी, असं सर्रास होतं. पण ‘आजपर्यंतचे सर्व’ असंही लिहू नका, मग ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ म्हणून दुसरं पत्र येतं. राज्याच्या २०१२ च्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत हवा. मागणीत ‘का’ आणि ‘कोणत्या अधिकाराने’ घालायचा मोह आवरा. ‘का’चं उत्तर देणं ही माहिती नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच म्हटलंय. ‘परवानगी का दिली’ ऐवजी ‘परवानगीच्या नस्तीतील (फाईलमधील) टिप्पणी पानांच्या प्रती’ मागा. का ते टिप्पणीत लिहिलेलं असतं.

अर्जाचा ठरलेला नमुना म्हणजे जोडपत्र अ, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही. स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आवक क्रमांक, तारीख, शिक्का, तिन्ही. नुसती सही घेऊन येणारे लोक अपिलाच्या वेळी माझ्याकडे येतात आणि उत्तराच्या मुदतीचे तीस दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे यावरच अडतात.

प्रतीचे पैसे भरायचं पत्र आलं तर लगेच भरा, दोन रुपये पान. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत धरत नाहीत. एक गृहस्थ १४ रुपये भरायचं पत्र दीड महिना खिशात घेऊन फिरले आणि मग ‘मुदत संपली, फुकट द्या’ म्हणून भांडले. मुदत उलटल्यावर माहिती विनामूल्य मिळते हे खरं, पण उशीर कार्यालयाचा असला तर.

सोमवारी दुपारी तीन ते पाच

२६ नोव्हेंबर २०१८ चा सामान्य प्रशासन विभागाचा शासन निर्णय आहे. जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. सोमवारी सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. शासन निर्णयाची प्रत बरोबर ठेवा. दारात ‘असं काही नसतंय’ म्हणणारा एखादा भेटतोच, त्याच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा प्रत पुढे करणं सोपं.

जाताना वही, पेन्सिल आणि घरातला एखादा म्हातारा माणूस न्या. मी चेष्टा करत नाही. आजोबांचं आडनाव तेव्हा काय लावत होते, शेताला गावात काय म्हणत, मूळ गाव कुठलं, हे त्यालाच माहीत असतं. जुन्या नोंदीत आडनावाऐवजी नुसतं नाव आणि बापाचं नाव असतं, आणि आपण आजच्या आडनावावर बोट ठेवून पानं उलटत बसतो. दप्तर सांभाळणाऱ्या माणसाशी गोड बोला. साहेब तीन वर्षांत बदलून जातात, गठ्ठा कुठल्या फळीवर आहे हे त्या काकांनाच माहीत असतं.

कुणबी नोंदींचा शोध २०२३ पासून जोरात सुरू झाला, तेव्हा ठिकठिकाणचे गठ्ठे खाली निघाले, चाळले गेले. त्याचा उलटा परिणामही मी बघितलाय : बासन एका गावचं, आतली वही दुसऱ्याची. तुमचा गठ्ठा ‘रिकामा’ निघाला तर शेजारच्या गावांची दोन बासनं सोडून बघायची विनंती करा.

खरंच नसेल तर

एवढं करूनही नाही मिळालं, तर मग प्रश्न वेगळा. कार्यालयातल्या कागदांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं. अ वर्ग कायमचा जपायचा, ब वर्ग तीस वर्षं, बाकीचे त्याहून कमी. तुमचा कागद कुठल्या वर्गात होता ते विचारा. कायम जपायचा कागद ‘सापडत नाही’ म्हणून विषय मिटत नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारं कारण म्हणजे पूर. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण सगळ्यांनी बघितलाय, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते सांगायला नको. कागद भिजून गेले असतील, मान्य. पण मग भिजलेल्या अभिलेखांचा पंचनामा, त्यांची यादी आणि वरिष्ठांना पाठवलेला अहवाल यांच्या प्रती मागायच्या. एका माणसाला ‘पुरात गेलं’ म्हणून तोंडी सांगितलं होतं. त्याने पंचनामा मागितला, आणि यादी करायला बसल्यावर फाईल तिसऱ्या मजल्यावर मिळाली. तिसऱ्या मजल्यावर पूर आलेला नव्हता.

प्रथम अपील ३० दिवसांत, जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टॅम्प. अपिलात नुसतं ‘माहिती मिळाली नाही’ लिहू नका. कोणी, कोणत्या तारखेला, कोणकोणते गठ्ठे तपासले याचा लेखी अहवाल मागा. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय की एकेकाळी कार्यालयात असलेली माहिती आता सापडत नाही एवढ्यावर नाकारता येत नाही, कसून शोध घेऊन जबाबदारी ठरवावी लागते. ते एका वाक्यात घाला. सोबत महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५. परवानगीविना अभिलेख नष्ट केले तर त्यात पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. मी हे कलम धमकी म्हणून पहिल्याच अर्जात कधी घालत नाही. पहिल्या अर्जात घातलं की कारकून शोधायचं सोडून उत्तराचा मसुदा करायला लागतो. अपिलात मात्र घालते.

प्रथम अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. पुढे ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, जोडपत्र क. आपल्या जिल्ह्याला पुणे खंडपीठ. तिथं तारीख लागायला वेळ जातो, म्हणून ते टाकून ठेवा आणि दरम्यान दुसऱ्या वाटेने तोच कागद शोधा.

कारण सरकारी कागद सहसा एकटा नसतो. खरेदीखताची नोंद दुय्यम निबंधकाकडे, सूची दोनवर (इंडेक्स टू). मोजणीचा नकाशा भूमी अभिलेखला. घराचा जुना मंजूर नकाशा कर्ज देणाऱ्या बँकेच्या फाईलमध्ये निघालेला मी दोनदा पाहिलाय.

‘वैयक्तिक माहिती आहे’ म्हणून नकार आला तर आधी बघा, कागदात दुसऱ्याचा आधार, पॅन, बँक खातं आहे का. असेल तर तेवढं झाकून बाकी द्या, असं माहिती अधिकार कायद्याच्या दहाव्या कलमाखाली लिहून मागा. बहुतेक वेळा बाकीच्यातच आपलं काम असतं.

मामांच्या फेरफाराची साक्षांकित प्रत त्याच आठवड्यात मिळाली, दोन पानं, चार रुपये. घरी आणून भिंगातून वाचली तर आजीचं नाव ‘सोनाबाई’ऐवजी ‘सोनूबाई’. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. तो टाईप करून ठेवलाय. या खेपेला मौजेपुढचं गाव मामांकडून दोनदा वाचून घेतलं.